धुतलेल्या यार्डातली सळई

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर वाचले ते त्यांतल्या चुका शोधायला. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही बसलाय असं म्हणणार नाही. घडलं तेवढं लिहितो.

कुंभिवलीजवळच्या एका कागद कारखान्यात मी कोळसा यार्डाचा सुपरवायझर होतो. बॉयलरसाठी गुजरातहून लिग्नाइट यायचा - तपकिरी, ठिसूळ कोळसा. त्याची खोड अशी की ढिगात पडून पडून तो आपोआप आतून पेटतो. म्हणून ढिगात लांब सळई खुपसून ठेवायची, काढून हाताने चाचपायची. चटका बसला की ढीग फोडून पसरायचा.

मग कंपनीने लिग्नाइट बंद करून भुशाच्या कांड्यांवर चालणारा बॉयलर आणला. धूर कमी होणार, चांगलंच होतं. प्रश्न यार्डातल्या आम्हा बारा जणांचा होता. नव्या बॉयलरवर घेतल्याचं लेखी मिळेपर्यंत उरलेला ढीग उपसायचा नाही, असं आम्ही ठरवलं. तो हलल्याशिवाय नवा माल उतरवायला जागा नव्हती. आमच्या हातात तेवढंच होतं.

आमच्यातर्फे साहेबांशी बोलायचा दत्तू, माझा मावसभाऊ. घरी येऊन म्हणाला, "दादा, नव्या बॉयलरवर सगळी मानसं आत हायत. तुमी लेखी-लेखी करत बसलात तर सायेब चिडंल."

"सगळे बारा?"

"बाराच्या बारा. माज्यावर भरवसा नाय का?"

होता. मी बाकीच्यांना समजावलं. ढीग उपसला, फरशी पाइपाने धुतली.

खंडेनवमीला दरवर्षीसारखी हत्यारांची पूजा मांडली. शेडच्या सावलीत फावडी, घमेली, मधे सळई. ती मीच धुतली, हळदकुंकू मीच लावलं. गार होती. आरतीनंतर दत्तूने ती उचलली, "ही आता दादांच्या घरी!" - आणि ओरडून टाकली.

"ढीग संपला तरी दत्त्याची नाटकं संपली नाय रं!" आमच्यातला काशिनाथ हसला.

दत्तूने मूठ उघडली. तळव्यावर आडवा पट्टा, कातडी सुटलेली... मी सळई धरली. गार. यार्डातल्या थर्मामीटर गनने मोजली, तापमान एकतीस अंश. शेजारच्या फावड्याचंही तेवढंच. ऊन नाही, वायर नाही, मूठभर लिग्नाइट उरलेला नाही.

खालापूरच्या दवाखान्यात मीच नेलं. डॉक्टर म्हणाले, भाजलंय. पट्टी होईपर्यंत दत्तूने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मला वाटलं, दुखतंय.

दसऱ्यानंतर कामावर गेलो तर वॉचमनने गेटवरच अडवलं. "नव्या ठेकेदाराची मानसं आलीत. तुमची नावं नायत." आत दत्तू. कोरं हेल्मेट, हाताला तीच पट्टी. नवा सुपरवायझर.

"दत्त्या, आमचं काय रं?" काशिनाथने हाक मारली. तो वळला नाही.

सळई कशी तापली, ते मला आजही सांगता येत नाही. काशिनाथ म्हणतो, देवाने दाखवलं. मला नाही पटत. दाखवायचंच होतं, तर ढीग उपसायच्या आधी दाखवायचं.