एकच पत्ता, साठ बिल्ले

माझी ताई हट्टी आहे, आणि हे मी कौतुकाने सांगत नाहीये. तिने थोडा कमी हट्ट केला असता तर आज ती घरी असती.

नोंदणी कचेरीच्या जिन्याखाली तिचं टेबल होतं. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला. तीस वर्षं ती लोकांचे अर्ज टाइप करत बसली. पुढे सगळा कारभार ई-मेलवर गेला आणि लोकांची पंचाईत झाली. गल्लीतल्या निम्म्या लोकांना स्वतःचा ई-मेल उघडता येत नव्हता. ताई म्हणाली, "माझ्या पत्त्यावरून पाठवू." झालं, अख्ख्या वस्तीचा एकच पत्ता झाला. अर्जांच्या पाठोपाठ मनातलंही येऊ लागलं. धोब्याने दुरावलेल्या मुलीची माफी मागितली. म्हाताऱ्या वॉचमनने एका विधवा बाईंना, लाजत लाजत, लग्नाचं विचारलं.

उत्तर कोणाचं हे कळावं म्हणून ताईने पितळी बिल्ले करून घेतले. साठ. प्रत्येक गिऱ्हाइकाला कायमचा एक नंबर. पत्राच्या शेवटी तेवढा नंबर, नाव नाही. कुठला नंबर कोणाचा याची वही तिने ठेवलीच नाही. सगळं डोक्यात. एकदा जेवताना मी चेष्टेने विचारलं, "काय गं, वॉचमनच्या लग्नाचं कुठवर आलं?" भाजी वाढता वाढता ती म्हणाली, "कोण वॉचमन?" असं काही म्हणाली की क्षणभर मलाच शंका आली, आपल्या वस्तीत वॉचमन आहे ना!

मी पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. टेकडीवरच्या टाकीच्या पाण्याच्या बाटल्या माझ्या हाताखालून जायच्या. गेल्या वर्षी त्या पाण्यात नको ते सापडायला लागलं. आमचे साहेब म्हणाले, "ठीक आहे असं लिहा." मी लिहिलं. चार महिने लिहिलं. मग धोब्याची नात हगवणीने गेली, आणि मला अन्न जाईना. दुसऱ्या शहरातल्या एका पत्रकाराला सगळं कळवायचं ठरवलं. स्वतःच्या पत्त्यावरून पाठवायची छाती नव्हती. घरी ताईला म्हटलं, लिहून दे.

"टेबलावर ये," ती म्हणाली. "रांगेत."

"अगं, मी तुझी बहीण आहे!"

"म्हणूनच. घरात लिहिलं तर ते आपल्या दोघींचं गुपित होईल, आणि गुपित सांभाळताना माणूस घाबरतो. टेबलावर ते काम असतं."

मी रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे वॉचमन होता. तिने माझं बोलणं टाइप केलं, मी ओळखू येईन असा शब्द न् शब्द गाळला, मला बिल्ला दिला, आणि खाली घातलं, एक्केचाळीस. तो आकडा तिने घातला नसता तर कोणाच्या बापाला पत्ता लागला नसता. पण सख्ख्या बहिणीसाठी नियम मोडेल तर ती ताई कसली!

पत्र गेलं आणि नवव्या दिवशी एक साहेब जिन्याखाली आले. चष्मा, गोड आवाज, हातात छापील कागदांचा हा एवढा गठ्ठा. अकरा वर्षांतलं प्रत्येक पत्र आणि प्रत्येक उत्तर. ताईने विचारलं, कोणाच्या परवानगीने वाचलंत? परवानगी आहे, म्हणाले, पण ती दाखवायची परवानगी नाही. वर हसून म्हणाले, "मावशी, लपवण्यासारखं नसेल तर एवढं काय?"

"साहेब, न्हाणीघराला आम्ही कडी लावतो," ताई म्हणाली, "ती काय आत दरोड्याचा बेत करायला?"

त्यांना एक्केचाळीस हवा होता. ताई म्हणाली, माझाच. ते म्हणाले, तुम्हाला पाण्यातलं काय कळतं? मग तिला घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून एकेकाला बोलावणी यायला लागली. बिल्ला घेऊन या. गेलं की समोर बसवायचे आणि त्याचीच पत्रं त्याला वाचून दाखवायचे. धोबी परत आला तो कोणाकडे न बघता घरात शिरला. संध्याकाळी माझ्या दाराशी येऊन ओरडला, "तुझ्या ताईने आमची अब्रू वेशीवर टांगली! माझ्या पोरीला मी काय लिहिलं, ते तो माणूस मला वाचून दाखवतो!" खरं तर मी एक शब्द बोलले असते तर हे सगळं त्याच दिवशी थांबलं असतं. मला भीती वाटत होती. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

बिल्ला फेकून देता येत नव्हता. साठ बनवलेत हे त्यांना ठाऊक होतं. ज्याच्याकडे नसेल तोच सापडणार. मी तो पिठाच्या डब्यात ठेवला होता. रोज दोनदा हात घालून बघायचे.

शेवटी सगळ्यांना एकदम बोलावलं, आधी जाऊन आलेल्यांनासुद्धा. जिन्याच्या वरचाच हॉल. कोपऱ्यात खुर्चीवर ताई. बारा दिवसांत तिचा चेहरा एवढासा झाला होता. लोक पुढे जात, बिल्ला स्टीलच्या ताटात टाकत, आणि ताईकडे पाठ करून उभे राहत.

वॉचमनकडे बिल्ला नव्हता. हरवला होता.

"माझा सतरा होता साहेब," तो म्हणाला.

"कशावरून? पाण्याच्या प्रयोगशाळेच्या फाटकावर नोकरी केलीस ना वीस वर्षं? एक्केचाळीस तुझाच."

म्हाताऱ्याने ताईकडे वळून हात जोडले. "ताई, सांगा ना हो माझा नंबर! सतरा सांगा! एवढंच सांगा!"

ताई खाली बघत राहिली. कोणाचाच नंबर ती सांगणार नव्हती, त्याला वाचवायलासुद्धा नाही. "एक्केचाळीस माझा," तेवढंच पुन्हा म्हणाली. साहेबांनी तिच्याकडे लक्षही दिलं नाही. दोघांनी म्हाताऱ्याला दंडाला धरलं. मला ताईचा असा संताप आला की मी कधी पुढे गेले मलाच कळलं नाही. बिल्ला ताटात टाकला. त्याला पीठ लागलं होतं.

साहेबांनी बिल्ला पुसला, नंबर वाचला, माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. आम्हा दोघींचं नाक एक, हनुवटी एक. आंधळ्यालाही कळलं असतं.

"ही तुमची बहीण ना?"

ताईने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, टेबलापलीकडच्या गिऱ्हाइकाकडे पाहायची तसं.

"कोण बहीण?" ती म्हणाली.

साहेब मोठ्याने हसले. हॉलमध्ये दुसरं कोणी हसलं नाही. धोबी ताईकडे तोंड करून उभा राहिला, तेवढं मला आठवतं.

मग प्रत्येकापुढे एक कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं की आमची पत्रं आमच्या राजीखुशीने वाचली गेली, आमची तक्रार नाही. सही करेल तो घरी. वॉचमनने अंगठा दिला. धोब्याने सही केली. मला दोन दिवस कोंडलं, तिसऱ्या दिवशी मीही केली. माझी नोकरी गेली, रोज चौकीवर हजेरी लागली, पण मी घरी आले. ताईने कागद वाचला आणि परत सरकवला. तिला कुठे हलवलं ते कोणी सांगत नाही. टेकडीवरच्या टाकीचं पाणी अजून येतं. मी उकळून पिते. पत्रकाराचं उत्तर आलं असेल तर ते साहेबांनी वाचलं असेल.

काल वकील म्हणाले, ताईला भेटू द्यावं म्हणून अर्ज करू. नीट टाइप करून आणा.

मी वाटेने मजकूर जुळवत निघाले. डोकं ठिकाणावर नव्हतं. भानावर आले तेव्हा जिन्याखाली उभी होते, रांगेत उभं राहतात त्या जागी. टेबल नेलेलं होतं. पुठ्ठ्याची घडी तेवढी फरशीवर पडली होती.