राचप्पाची ओली कणीक

समस्त भक्तमंडळींस, आणि माझं गाणं ज्यांनी निमूट सोसलं त्यांस विशेष करून, अत्यंत गंभीरपणे कळवतो की माझा गळा दोन वर्षं बंद होता. बोलण्याचा नव्हे, माझं बोलणं अजून कुणाला बंद करता आलेलं नाही. पण भजनात ‘क्षमा’ हा शब्द आला की आवाज जागीच थांबे.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या मठात राचप्पा पखवाज वाजवी. गिरणीत त्याच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धं तुटलं होतं, पण हात मोठा गोड. एका गुरुवारी माझी तान ऐन रंगात आली आणि यानं मध्येच हात उचलला. लोक हसले. “बुवा, ऐका तरी की,” तो म्हणाला. मी म्हटलं, “तुझं तोंड बघायचं नाही मला.” तो मंगळवेढ्याला निघून गेला. पखवाज खुंटीवर राहिला.

तेव्हापासून माझा गळा अडू लागला. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. “गळा स्वच्छ आहे. हल्लीचं मानसशास्त्र म्हणतं, दाबलेला राग शरीरात जागा शोधतो. कुणाला माफ करायचं राहिलंय का?” मठाचे स्वामी म्हणाले, “क्षमा करताना आपण उंच झाल्यासारखं वाटलं, तर ती क्षमा नव्हे.” दोघांनाही मी सांगितलं, माफ केव्हाच केलंय, त्यानं येऊन पाय धरले की झालं.

तो आला नाही. तो वारल्याचा निरोप आला.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, मठात एकटाच गळा तपासत होतो. ‘क्षमा’पाशी आवाज अडला, आणि खुंटीवरचा पखवाज घुमला. डाव्या तोंडाला ओली कणीक लावल्याशिवाय पखवाज घुमत नाही, आणि त्याची कणीक तर केव्हाच वाळून गळून पडली होती. जवळ गेलो. कणीक ओली होती. तिच्यावर बोटांचे ठसे होते. तीन पुरते, एक अर्धा.

पळायचं सोडून मी त्या गुरुवारचीच तान घेतली. खुंटीवरून ठेका चालू लागला आणि तेव्हाच्याच जागी थांबला. तेव्हा कळलं. मी ताल सोडून पुढे धावलो होतो. त्यानं हात उचलून मला समेवर परत यायला जागा करून दिली होती. ज्याला माफ करायला मी दोन वर्षं ताठ बसलो, त्यानं मला सांभाळून घेतलं होतं.

धरायला त्याचे पाय नव्हते. भिंतीला डोकं टेकून “क्षमा कर” म्हणालो, आणि शब्द अडला नाही. तेव्हापासून ताल मी देवाकडे सोपवला आहे. ठेका थांबला की मीही थांबतो. पण खोटं कशाला सांगू, त्या पवित्र क्षणी माझ्या तोंडून पुढचं वाक्य निघालं ते असं: “राचप्पा, कणीक जरा पातळ झालीय की.”