लाल पडद्यामागचा फोटो

चित्रकलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना, बातम्या कशा बनतात हे अख्ख्या उज्जैनमध्ये मला एकटीलाच कळतं, असा माझा ठाम समज होता. घरी टीव्ही लागला की माझी बडबड सुरू व्हायची. हे कापलंय, ते जोडलंय, गर्दी जास्त दिसावी म्हणून कॅमेरा खाली ठेवलाय. आई वैतागायची. "जरा बघू तर देशील?" म्हणायची. मला तिची कीव यायची. आज स्वतःची येते.

कॉलेजच्या वार्षिक प्रदर्शनासाठी मी विषयही तोच घेतला. माध्यमं आपल्याला खोटं जग कसं दाखवतात. त्यासाठी फोटो हवा होता, म्हणून एका सकाळी रामघाटावर गेले. तिथे आमचे गुरुजी बसले होते. बाबा गेले तेव्हाचे सगळे विधी यांनीच केले होते. बाबांच्या दहाव्याला मी रडून रडून उलटी केली, तेव्हा मंत्र थांबवून त्यांनी मला आधी पाणी पाजलं होतं.

त्या दिवशी त्यांच्यासमोर डोकं भादरलेला एक तरुण वडिलांचे पिंड घेऊन बसला होता. खाली मान घालून रडत होता. त्याची आजी, म्हणजे गेलेल्या माणसाची आई, नागपूरला अंथरुणाला खिळलेली होती. तिला दिसावं म्हणून गुरुजींनी स्वतःच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावला होता. स्क्रीनवर आजीचे जोडलेले हात दिसत होते. गुरुजी हसून तिला म्हणत होते, "दिसून राहिलं ना आजी? आरामशीर हात जोडा, काही जल्दी नाही."

मी फोटो काढला. गुरुजींना विचारलं नाही. घरचेच तर आहेत, म्हटलं.

घरी येऊन मी तो कापला. स्क्रीन गेली, आजी गेली. उरली मोबाईलची कड, तिच्याकडे बघून हसणारे गुरुजी आणि त्यांच्यासमोर रडणारा मुलगा. दोन मिनिटांचं काम होतं, आणि इतकं बेमालूम जमलं की मी स्वतःवरच खूश झाले. कापलेला फोटो मोठा करून भिंतीवर उघडा लावायचा, शेजारी पूर्ण फोटो लावून त्यावर पडदा सोडायचा. बघणारा पडदा बाजूला करेल आणि ओशाळेल, अशी माझी योजना होती. फ्रीगंजच्या बाजारातून लाल साटीन आणलं, खाली सोनेरी किनार लावून घेतली. 'पडदा उघडा' अशी चिठ्ठी लावू का, असं सरांना विचारलं. सर म्हणाले, "लिख दोगी तो पोस्टर बन जाएगा."

प्रदर्शन उघडलं आणि पडदा कोणीच उघडला नाही. उघडणार कसा? आमच्या गावात देवासमोर सोनेरी किनारीचा लाल पडदा ओढलेला असला की आत शृंगार चाललाय किंवा नैवेद्य, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माणसं मुकाट उभी राहतात. पुजारी उघडेल तेव्हा दर्शन. मीही लहानपणापासून तशीच उभी राहत आले होते, आणि नेमकी तीच किनार लावून बसले होते. एक बाई पडद्यासमोर जरा वेळ थांबल्या, मग पोरीचा हात मागे ओढून म्हणाल्या, "हाथ मत लगाना, जब खोलेंगे तब देखेंगे." आणि पुढे गेल्या.

मी दहा पावलांवर उभी होते. हे सगळं मला दिसत होतं. पण कापलेल्या फोटोसमोर गर्दी जमत होती, लोक चुकचुकत होते, मोबाईल काढून फोटो घेत होते. सर म्हणाले, "सबसे ज़्यादा भीड़ तुम्हारे यहाँ है." मी हुरळून गेले. लोक फसतायत म्हणजे माझा मुद्दाच सिद्ध होतोय, अशी मी मनाची समजूत घातली. पडदा अर्धा सरकवून ठेवायला किती वेळ लागला असता? तीन दिवस मी तो सरकवला नाही.

चौथ्या दिवशी आईने मोबाईल माझ्यापुढे धरला. गावातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तो फोटो आला होता. वर कोणीतरी लिहिलं होतं, लोकांच्या घरी दुःख आणि यांच्या गप्पा चालू आहेत. "बघ गं," आई म्हणाली, "हे आपले गुरुजी ना?"

मी म्हटलं, "असतील."

एवढंच म्हटलं. या एका शब्दाची मला जितकी लाज वाटते, तितकी त्या फोटोचीही वाटत नाही. अजून चार दिवस मी मूग गिळून बसले. मग आईच सांगत आली, की नानाखेड्याच्या एका घराने गुरुजींना दहाव्याला येऊ नका म्हणून कळवलंय. तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. आई रागावली नाही. फक्त म्हणाली, "आणि मला म्हणालीस, असतील."

मी ग्रुपवर पूर्ण फोटो टाकला, खाली सगळं खरं लिहिलं. पाच-सहा अंगठे आले. पुढे मात्र तो कोणीच पाठवला नाही.

गुरुजींच्या घरी गेले तेव्हा काकू दार उघडून आत निघून गेल्या. मी पाया पडून रडायला लागले. गुरुजी म्हणाले, "अगं, ऊठ पहिले. कॉलेजचं काम होतं ना? नंबर तर चांगले मिळाले?"

मार्क चांगले मिळाले होते. मी मान डोलावली. त्यांनी मला चहा दिला. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं, आणि तसं वाटून घ्यायचाही मला काय अधिकार होता, कोण जाणे.

मग बाबांचं वर्षश्राद्ध आलं. रामघाटावर गुरुजीच आले. मोठा भाऊ पाटावर बसला. आत्या इंदूरला खुब्याचं हाड मोडून पडली होती. आई म्हणाली, "गुरुजी, यांच्या बहिणीला जरा फोनवर दाखवता का?"

"नाही वहिनी," गुरुजी म्हणाले, "घाटावर मी आता फोन काढत नाही." आवाजात राग नव्हता. समोरची दर्भाची जुडी त्यांनी सोडायला घेतली.

"मी धरते," मी म्हटलं. आत्याला फोन लावला आणि समोर उभी राहिले. आत्याने तिकडे हात जोडले. थोड्या वेळाने म्हणाली, "अगं, आवाज येतोय, पण गुरुजी नाही दिसत."

मी मोबाईल डावीकडे वळवला. मंत्र म्हणता म्हणता, माझ्याकडे न बघता, गुरुजी आणखी थोडे बाजूला सरकले.