शाडूचे दुष्काळ

मुलांनो, थोरलीने परवा तिच्या बर्फाळ गावातल्या तळ्यातून उपसलेल्या गाळाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "आजी, तुला समजेल असं सोपं करून सांगते." सांग हो, जरूर सांग. पण त्याआधी हे वाच. हा उद्योग मी पन्नासच्या दशकात अंधेरीत केलेला आहे. आणि तुमचे आजोबा आता नसल्यामुळे माझ्या हकिकतीत चुका काढायलाही कोणी उरलेलं नाही, म्हणून आत्ताच लिहिते.

मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. तळ्याच्या तळाशी दरवर्षी गाळ बसतो, त्यात आसपासच्या झाडांचे परागकण अडकतात आणि फार वर्षं टिकतात. थर उलगडत खाली गेलं की पाऊस कधी भरपूर होता, रान कधी वाळलं, हे कळतं. पण त्याला चांगला सूक्ष्मदर्शक हवा, आणि आमच्या खात्याकडे तसा एकच होता. ज्याच्या गाळात सांगण्यासारखं काही असेल त्याला तो वर्षभर मिळेल, असं सरांनी जाहीर केलं. त्याच्याशिवाय प्रबंध होणार नव्हता. उमेदवार दोन, मी आणि तुमचे आजोबा.

आजोबांनी बोरीवलीला, खाडीजवळच्या एका तळ्यात होडी घालून मधोमध गाळ काढला. मला पोहता येत नव्हतं. मी आमच्या घरामागच्या तलावात पायऱ्यांपाशी, गुडघाभर पाण्यात, प्लंबरकडून कापून आणलेला पाइप माळ्याकडून ठोकून घेतला. आतला गाळ आईच्या लाटण्याला फडकं गुंडाळून ढकलत बाहेर काढला. लाटणं घासून जागेवर ठेवलं. आईला शेवटपर्यंत कळलं नाही.

आजोबांचा गाळ वरपासून खालपर्यंत नुसता काळा. माझ्या गाळात मात्र पांढुरक्या पट्ट्या, एकीखाली एक. सर हरखले.

"प्राचीन कोरडी वर्षं आहेत ही! एकेक पट्टी म्हणजे एकेक दुष्काळ!"

"एवढे दुष्काळ पडले असते सर, तर अंधेरीत माणूस उरला नसता," आजोबा म्हणाले.

"तुमच्या गाळात काय दिसतं ते सांगा ना," मी म्हटलं.

"शांतता."

सूक्ष्मदर्शक मला मिळाला. लगेच गणपतीची सुट्टी लागली.

आमच्याकडे विसर्जनाला पुरुषच जायचे, बायका दारापर्यंत. मूर्ती बुडवली की तिथलीच मूठभर माती रिकाम्या पाटावर ठेवून घरी आणायची रीत. त्या वर्षी भावाने पाट माझ्या हातात दिला. काळ्या चिखलात पांढुरक्या रेघा.

"ही कुठली माती रे?"

"तलावाच्या पायऱ्यांजवळची. दरवर्षी तिथेच तर सोडतो. अर्धी अंधेरी तिथेच सोडते."

"आणि हे पांढरं?"

"शाडू गं! मागच्या वर्षीचे गणपती. एवढी शिकलीस आणि शाडू ओळखता येत नाही?"

सुट्टी संपताच मी सर्वांत खालची पट्टी भिंगाखाली धरली. गोल कण, अंगभर काटे. झेंडू! हारातला. झेंडू मुळात समुद्रापलीकडून आपल्याकडे आलेला, तोही काही शतकांपूर्वी. माझ्या प्राचीन दुष्काळात त्याचं काय काम?

गप्प बसले असते तर सूक्ष्मदर्शक वर्षभर माझाच होता. दोन दिवस बसलेही. तिसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं.

"आमचाही गणपती तिथेच जातो," ते म्हणाले.

सूक्ष्मदर्शक आजोबांकडे गेला.

"मी दुपारी जेवायला जातो," त्यांनी मला ऐकवलं, "तेव्हा तो रिकामाच असतो. आणि मी फार सावकाश जेवतो."

सरांनीही मग आजोबांच्याच गाळातला निम्मा मला दिला. त्या गाळाच्या तळाशी तिवरांचे परागकण निघाले, ढीगभर. तिवरं वाढतात खाऱ्या पाण्यात. म्हणजे त्या गोड्या तळ्याच्या जागी कधीकाळी खाडी होती. ते कण पहिल्यांदा मला दिसले, जेवणाच्या सुट्टीत. आजोबा जन्मभर उलटं सांगत आले. माझा प्रबंध अशा दुपारींतच पुरा झाला, आणि आजोबा हडकुळे होते ते चांगले गुटगुटीत झाले.

तो तलाव बुजवून त्यावर इमारती झाल्या. पाइप भंगारात गेला. झेंडूची एक आणि तिवराची एक, अशा दोन काचपट्ट्या माझ्या कपाटात सुपारीच्या डब्यात आहेत. लाटणं स्वयंपाकघरात आहे. तुम्ही इथे येता तेव्हा त्यानेच लाटलेल्या पोळ्या खाता.