नवव्या मजल्यावरचा पोटहिस्सा

मोजणीआबा कुणाकडेही गेले की थेट आत यायचे नाहीत. आधी घराभोवती एक चक्कर मारायचे आणि मगच चहाला बसायचे. लग्नाची बोलणी असोत की दुखवटा, चक्कर चुकली नाही. भूमी अभिलेख खात्यात उभी हयात मोजणीदार म्हणून गेलेली, त्यामुळे जागा पायांनी चालून बघितल्याशिवाय त्यांना ती खरीच वाटायची नाही. आमच्या गल्लीत त्यांचं खरं नाव पोस्टमन सोडला तर कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यांची एकुलती मुलगी सुमी माझ्याच वयाची. वयानं चाळिशीला आलेली, समजुतीनं पाच-सहा वर्षांची. काकू लवकर गेल्या. आबांनी सुमीला टेपचं टोक धरायला शिकवलं आणि निवृत्तीनंतर खासगी कामांना तिला बरोबर न्यायला लागले. इचलकरंजीला मागाच्या शेडची मापं घ्यायची असली तरी एसटीत दोन तिकिटं. एकदा मोजणी चालू असताना म्हैस अंगावर आली, तरी सुमीनं टोक सोडलं नव्हतं. "माझा शिपाई सरकारी शिपायापेक्षा ब्येस हाय," असं ते येईल त्याला सांगायचे, आणि सुमी लाजायची.

मी तेव्हा एका परदेशी बँकेच्या राजारामपुरीतल्या शाखेत होते. पैसेवाल्या ग्राहकांची गुंतवणूक सांभाळणं हे माझं काम. आबा काही पैसेवाले नव्हते. कळंब्याला एक प्लॉट, बास. पण आपल्या मागं पुतणे प्लॉट घेतील आणि पोरीला देवळाच्या पायरीवर बसवतील, ही एकच काळजी त्यांना रात्रंदिवस खात होती. आजऱ्याच्या वाटेवर एक संस्था सुमीसारख्या माणसांना जन्मभर ठेवून घ्यायची. त्यासाठी एकरकमी ठेव भरावी लागे आणि ती प्लॉटच्या किमतीपेक्षा थोडी जास्त होती. प्लॉट विकून पैसे आमच्या बँकेच्या प्रॉपर्टी फंडात टाकायचे, तीन वर्षांत ते वाढले की ठेव भरायची, तोवर सुमीला आपल्याजवळच ठेवायचं, ही कल्पना कुणाची होती ते सांगून टाकते. माझी होती.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ह्येचा गट नंबर काय?"

मी हसले. गट नंबर नसतो आबा, मोठमोठ्या इमारतींत सगळ्यांचा थोडाथोडा वाटा असतो, असं समजावलं. मग लगतदार कोण, शेजारच्या जागा कुणाच्या, असं त्यांनी विचारलं. मी त्यांच्या हातात गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक ठेवलं. त्यावर पुण्यातली काचेची इमारत होती. बराच वेळ ते चित्र बघत बसले. "तू म्हंतीस म्हंजे असंल की," म्हणाले आणि सही केली. त्या महिन्यात शाखेत माझं कौतुक झालं, पेढेही वाटले गेले.

मग मंदी आली. कंपन्यांनी माणसं घरी बसवली, ऑफिसं रिकामी झाली, भाडी थांबली. तीन वर्षं भरायला दोन महिने असताना बँकेचं पत्र आलं, की फंडातून पैसे काढणं तात्पुरतं बंद आहे. आबांनी ते 'तात्पुरतं' बोटानं दाखवलं. मोजणी तहकूब केली तर आम्ही पुढची तारीख देत होतो, ह्यांनी तारीख का दिली नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. मी मुंबईला फोन लावले. मुंबईच्या साहेबांनाही तारीख माहीत नव्हती.

शेवटी आबा म्हणाले, जागा बघून येऊ. आम्ही तिघं पुण्याला गेलो. सुमीनं नवा ड्रेस घातला होता. वॉचमननं ओळखपत्र मागितलं, तर आबांनी शांतपणे, आपण मालकांपैकी आहोत, असं सांगितलं. त्या भल्या माणसानं खुर्ची दिली, पाणी दिलं, पण आत काही सोडलं नाही. मग बाप-लेकीनं बाहेरून इमारत मोजली. वरचे मजले अंधारे होते. मापं वहीत उतरवून आबा माझ्याकडे वळले.

"इमारत खरी हाय, पोरी. मला वाटलं हुतं, तू फसवलंस. तसं न्हाई. माणसं तेवढी गेल्यात."

त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. मला मात्र त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पंधरा दिवसांनी त्यांनी एक नकाशा आणून दिला. वळणदार अक्षर, शाईच्या रेघा, चारी बाजूंच्या हद्दी. एकत्र जमिनीतून भावाचा वाटा वेगळा काढतात तसा त्यांनी त्या इमारतीतला स्वतःचा पोटहिस्सा पाडला होता. नववा मजला, पूर्वेकडची खिडकी.

"बारा फूट बाय नऊ. खाट बसती, कपाट बसतंय. संडास मजल्यावर हाय, वॉचमनला इचारलं मी. पैसं नसतील तर नसूंदेत. सुमीला तितं ऱ्हाऊ द्या म्हणावं."

असं होत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी नकाशा परदेशातल्या मुख्य कचेरीला पाठवला. चार ओळींचं इंग्रजी उत्तर आलं, की मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. मराठीत वाचून दाखवताना मी पदरचं एक वाक्य घातलं, की ते विचार करतायत. त्या वाक्यावर आबा आठ महिने जगले. दुसरी कुठली संस्था त्यांनी शोधली नाही, कुणापुढं हात पसरले नाहीत. आजऱ्याच्या संस्थेनं सुमीची जागा दुसऱ्या कुणाला दिली तेव्हाही, आपली जागा पुण्यात आहे, असं ते म्हणाले. रोज संध्याकाळी मला विचारायचे, "काय आलं का त्यांचं?" आणि मी नाही म्हणून मान हलवायची.

एका सकाळी ते उठलेच नाहीत. फंड अजूनही बंदच आहे.

तेराव्यानंतर थोरल्या पुतण्यानं सांगितलं, की सरकारी आश्रयगृहात सोय झाली आहे, लांब आहे पण फुकट आहे. त्याच्यावर डाफरायचा अधिकार मला नव्हता. आमचं घर दोन खोल्यांचं, आई अंथरुणाला खिळलेली, बँकेनं शाखा बंद केली तिच्याबरोबरच माझी नोकरीही गेलेली. कारणं सगळी खरी आहेत आणि तरी मला लाज वाटते.

गाडी आली त्या दिवशी पुतण्या सामान चढवत होता आणि सुमी पिशवी घेऊन आमच्या दारात आली. उंबऱ्याबाहेर तिनं चपला काढल्या, माझ्या चपलांशेजारी नीट लावल्या आणि आत येऊन पिशवी खाली ठेवली. तिनं तिच्यापुरता निर्णय घेतला होता.

मी पिशवी उचलली, तिचा हात धरून तिला बाहेर नेलं, आणि खाली वाकून तिच्या पायांत चपला घातल्या.