लालबागेतला बिनछपराचा स्टॉल

‘या वर्षी डिश लागली नाही तर प्रदर्शनात काही मतलब नाही. तू ये,’ सुलभाकाकू फोनवर म्हणाल्या आणि मी गाडी सर्व्हिसिंगला टाकली.

काकू इंदूरच्या. काका गेल्यापासून केबलचा धंदा त्या एकट्याच चालवतात. माळव्यातल्या केबलवाल्यांचं दर हिवाळ्यात तिथे प्रदर्शन भरतं: कॅमेरे, वायरी, सेट-टॉप बॉक्स, स्टुडिओचं सामान. पहिल्यांदा ते लालबागच्या मैदानावर भरलं तेव्हा कुणी फीत कापली नाही. मोठी डिश हातानं फिरवून टीव्हीवर चित्र आणलं आणि चित्र आल्यावर गेट उघडलं. तीच प्रथा झाली. पुढे प्रदर्शन हॉटेलच्या हॉलमध्ये गेलं, तिथे डिश लावणार कुठे? या वर्षी पुन्हा मैदान मिळालं होतं आणि काकूंनी गच्चीवरची जुनी डिश उतरवली होती. मला या प्रदर्शनाचा इतिहास ब्लॉगवर लिहायचा होता, पण फोनवर कुणी धड काही सांगत नव्हतं.

नाशिकहून पहाटे निघालात तर दुपारच्या चहाला इंदूर गाठता येतं. आग्रा रोड सोडायचा नाही. फास्टॅग आधीच भरून ठेवा, टोलनाके संपता संपत नाहीत. सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाटात ट्रकच्या मागे निमूट राहावं, मी राहिले नाही आणि उगाच घाम फुटला. खलघाटला नर्मदेचा पूल ओलांडून चहा घेतला. हॉटेल मी बुक केलं होतं, ते काकूंनी रद्द करायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जलेबी खाऊन लालबाग. पोह्यांवर जीरावन हा तिथला मसाला मागून घ्या, दोन माणसांचा नाश्ता शंभराच्या आत होतो. प्रदर्शनाला प्रवेश फुकट, फक्त गेटवर नाव लिहायचं. मैदानात धूळ आहे, चांगल्या चपला घरी ठेवा.

गेटवर कमिटीचे सेक्रेटरी शर्माजी घड्याळ बघत होते. ‘मॅडम, चीफ गेस्ट अकरा बजे येणार. तोवर चित्र आलं तर ठीक, नहीं तो एलईडी वॉलवर फिल्म लावून उद्घाटन करू.’

‘येईल,’ काकू म्हणाल्या.

डिश गेटच्या उजव्या हाताला ठेवली होती, कारण ती पूर्वी तिथेच असायची. बेटम्याचे राठौरजी, काकूंच्या बरोबरीचे जुने केबलवाले, डिशची कड धरून फिरवत होते. काकू टीव्हीसमोर होत्या.

‘भाभीजी, पट्टी हली क्या?’

‘नाही हलली. थोडं अजून घुमवा.’

सिग्नलची पट्टी ढिम्म. वायर बदलली, रिसीव्हर बदलला. साडेदहा झाले. मी कंटाळून डिशचे फोटो काढत होते आणि प्रत्येक फोटोत एक कडुनिंब मध्ये येत होता. म्हणून विचारलं, ‘काकू, हे झाड तेव्हा होतं?’

काकूंनी वर पाहिलं. ‘होतं ना. माझ्या कमरेएवढं. चहाचे ग्लास धुतलेलं पाणी आम्हीच टाकत होतो त्याला.’

राठौरजींनी डिश सोडली आणि कपाळावर हात मारला; आता वाढलेलं ते झाडच सिग्नल अडवत होतं. मला हसू आवरेना, काकू मात्र मैदानभर नजर फिरवत होत्या. जिकडे तिकडे स्टॉल. डिशला हव्या त्या बाजूचं आकाश मोकळं होतं ते फक्त एका कोपऱ्यातून, आणि त्या कोपऱ्यात काकूंचाच स्टॉल होता.

‘मंडपवाले भिया, याचं छप्पर काढा.’

‘मॅडम, कॉर्नरचा स्टॉल आहे,’ शर्माजी म्हणाले. ‘साल भर का धंदा यहीं से होता है आपका. माल कुठे ठेवणार?’

‘माल घरी जाईल. डिश इथे लागेल.’

नव्या बॉक्सची खोकी टेम्पोत परत चढली. छप्पर निघालं, डिश आत आली. तोवर पाहुणे येऊन ठेपले होते, काकूंनी त्यांना सरळ उभं ठेवलं. राठौरजींनी कड एवढीशी सरकवली, पट्टी चढली, आणि पडद्यावर एक गृहस्थ लसणाच्या लागवडीबद्दल बोलताना दिसले. लसणाला इतक्या टाळ्या पुन्हा मिळायच्या नाहीत. गेट उघडलं.

पुढचे दोन दिवस त्या बिनछपराच्या स्टॉलमध्ये काकूंनी एकही बॉक्स विकला नाही. पण जुने केबलवाले डिशपाशी उन्हात येऊन बसू लागले, आणि जे फोनवर कुणी सांगत नव्हतं ते आपसूक निघालं. पहिल्या वर्षी स्टॉल म्हणजे खाटा होत्या. देपालपूरहून एकानं ट्रॅक्टरवर डिश आणली होती. सेट-टॉप बॉक्स आले त्या वर्षी अर्धे लोक रुसून घरी बसले, फायबर आलं तेव्हा तेच सगळ्यांच्या आधी हजर. मी गराडू खात ऐकत होते. तळलेला गरम कंद, वर लिंबू आणि जीरावन, हिवाळ्यात गेलात तर चुकवू नका.

नाशिकला परतताना गाडीत जीरावनच्या पुड्या होत्या आणि डोक्यात तो सगळा इतिहास. पण मनात टेम्पोत चढणारी खोकीच राहिली. आठवड्यानं न राहवून फोन केला.

‘काकू, धंदा?’

‘बसला या वर्षी,’ त्या म्हणाल्या. ‘चलता है. पुढच्या वर्षीचा स्टॉल बुक केला मी, तोच कॉर्नर. शर्माजींना आत्ताच सांगून ठेवलं, आमच्यावर छप्पर घालू नका.’