मारुतीच्या पेटीतला गंधार

आमच्या गावच्या युवा संगीत केंद्राचा इतिहास म्हणजे एक पत्र्याची खोली आणि एक पेटी. गाव तेलंगणात, आदिलाबादकडच्या तलमडुगु मंडळातलं, म्हणजे तालुक्यातलं. शाळेतले मराठी वर्ग बंद पडले, सगळं तेलुगूत सुरू झालं, तेव्हा गावच्या भजनी बुवांनी मारुतीच्या देवळामागच्या खोलीत पोरांना अभंग शिकवायला घेतले. बुवा भाजीपाला पिकवायचे. वांग्यांना पाणी देऊन झालं की चिखलाचे पाय धुऊन पेटीपुढे बसायचे. पहिल्या तुकडीत मी होतो. आता माझ्यासोबत शिकलेल्यांची मुलं तिथे जातात.

पेटी भैंसा गावातल्या एका कापूस व्यापाऱ्याने नवस फेडताना मारुतीला वाहिलेली. मारुतीला वाहिलेली वस्तू आमच्याकडे शिवेबाहेर जात नाही. ती उघडतही नाहीत, देवाची म्हणून. दर दसऱ्याला विळा-कुदळीसोबत पेटीचीही पूजा होते.

केंद्र सुरू झालं आणि थोड्याच काळात पेटीच्या मधल्या सप्तकातली एक पट्टी बंद पडली. दाबली की नुसती हवा. बुवांना एकच सा धरून वाजवता यायचं, आणि त्या सा पासून मोजली तर ही पट्टी म्हणजे गंधार. दुरुस्ती करणारा आदिलाबादला, पेटी शिवेच्या आत. बुवा म्हणाले, "तिले विसावा देऊ." आम्ही ऋषभावरून थेट मध्यमावर जाऊ लागलो. नंतरच्या पोरांना विसावा वगैरे कोणी सांगितलं नाही. त्यांना चालच तशी वाटली. शेजारच्या गावातले भजनी आमची थट्टा करत, "तुमच्या जिन्याची पायरी तुटली हाय का रे?" ही थट्टा आमच्या उच्चारांची आहे, असं आम्ही समजत होतो.

यंदा आदिलाबादला तरुणांच्या अभंगगायनाची स्पर्धा झाली. पहिला येणारा राज्याच्या मेळाव्यात गाणार होता. केंद्रातून एक मुलगी गेली. बारावी झालेली, गळा मोकळा, पेटीवर बोटं साफ. तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं: निवड झाली तर पुढे गाणं शिक, नाहीतर दिवाळीनंतर लग्नाचं पाहू. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. आम्ही जीपभर माणसं गेलो. बुवांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं.

पेटी आयोजकांची होती, सगळ्या पट्ट्या बोलणारी. मुलगी गायली. टाळ्या पडल्या. परीक्षक बाई संगीताच्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी विचारलं, "बाळ, गंधार का गाळलास?"

"बाई, आमची चाल अशीच हाय."

"चालीत आहे तो. सगळे घेतात."

"आमच्या गावात कोणीच घेत नाही."

सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेटी ओढून ती ओळ वाजवली, गंधाराच्या पट्टीसकट. मी खुर्चीत बसून ती ओठातल्या ओठात म्हणून पाहिली. माझ्याही गळ्यातून ती निघेना. वर्षानुवर्षं बातमीदार म्हणून लोकांच्या भाषणांतल्या चुका टिपणारा माणूस मी, आणि माझ्या सरगमात सहाच सूर होते. बाजूच्या माणसाने विचारलं, "तुमीबी त्याच गावचे ना?" मी कार्यक्रमपत्रिकेकडे पाहत राहिलो.

"पुन्हा म्हण," बाई म्हणाल्या. "गंधार घे."

मुलीने मागे बुवांकडे पाहिलं. बुवा उठून उभे राहिले. "म्हण, पोरी. तुही चूक नाही. म्या शिकवलं तसं तू म्हणलं."

तिने घेतला. सूर वर गेला, घसरला, पुन्हा चढला आणि तिथेच फुटला. निवड दुसऱ्या गावच्या मुलाची झाली.

परतीच्या जीपमध्ये फाट्यावर आल्यावर तिचे वडील एवढंच म्हणाले, "बुवा, शिवेपायी पोरीचा गंधार गेला न् जी." बुवांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बुवांनी मारुतीपुढे नारळ फोडला आणि पेटी शिवेबाहेर न्यायची परवानगी मागितली. मुलगी म्हणाली, "न्यायच्या आधी उघडून तर पाहू." तिने पेचकसाने झाकण काढलं. आत हळदीकुंकवाचा थर होता. बंद पट्टीखालच्या पितळी जिभेत एक पिवळा तांदूळ अडकला होता. दसऱ्याच्या अक्षतांतला. पूजा करून आम्हीच तिचं तोंड बंद केलं होतं. तिने केसातल्या पिनेने तांदूळ काढला, भाता हलवला, पट्टी दाबली. गंधार वाजला, जरा घोगरा.

कोणी टाळी वाजवली नाही. जो तो जमिनीकडे पाहत होता. इतका लहान दोष, आणि त्याच्याभोवती एवढं मोठं शास्त्र रचलेलं. बुवा म्हणाले, "हात लावाले भेलो, म्हणून पोरायचे गळे बिघडवले."

मुलीच्या वडिलांनी शब्द फिरवला नाही. दिवाळीनंतर पाहुणे आले, तिचं जमलं. तोपर्यंत रोज संध्याकाळी ती खोलीत येऊन लहान मुलांना गंधार शिकवत होती. मुलांना तो आठवड्याभरात यायला लागला.

बुवा हल्ली मागे, दाराशी बसून टाळ धरतात. गात नाहीत. ओळ गंधारावर आली की त्यांचे ओठ मिटलेले असतात. मी शनिवारी गावी जातो तेव्हा त्यांच्याजवळ बसतो. माझेही मिटलेलेच असतात.